गाठीचं नाव

माय, तुझ्या गळ्यात जी गाठ होती तिचं नाव मला या वर्षी कळलं. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, आता माझी पोरगी दहावीत आहे. इतकी वर्षं आपण सगळे त्याला गलगंड म्हणत आलो. ते गलगंड नव्हतं. थायरॉइडचा एक दुर्मिळ कॅन्सर होता, आणि तो रक्तातून आईबापाकडून लेकराकडे येऊ शकतो. माझ्याकडे आला.

माझा गळा सुजला तेव्हा मेहकरच्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढून तपासायला दिलं. रिपोर्टात थायरॉइडचा नेहमीचा कॅन्सर लिहून आला. ऑपरेशन झालं, पण नागपूरच्या डॉक्टरांचं समाधान होईना. त्यांनी माझ्या गाठीचा मेणात बसवलेला तुकडा दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवला. त्या फक्त अशाच अवघड गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यांनी वेगळे रंग टाकून तो पुन्हा तपासला आणि मला बोलावून घेतलं. समोर बसवून विचारलं, "घरात कुणाला गळ्याला गाठ होती?" मी म्हटलं, आईला. मग त्यांनी विचारलं, "त्यांना सारखे जुलाब व्हायचे का?"

माय, मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या स्वयंपाकघरात गेले. तू चुलीपुढं बसलेली आहेस, पदर गळ्याभोवती गुंडाळलेला, तव्यावर भाकर, आणि तू मधेच उठतेस, लोटा घेऊन मागच्या दारानं पळतेस. भाकर करपते. काकू मोठ्यानं म्हणतात, "चोरूनमारून काय खाते तं काय मालूम!" तू परत येतेस, हात धुतेस, करपलेली भाकर स्वतःच्या ताटात ठेवतेस. लग्नाकार्यात तुला पंगतीच्या टोकाला बसवायचे, उठून जाता यावं म्हणून, आणि हसायचे. ते त्या गाठीनंच होत होतं. ती गाठ रक्तात काहीतरी सोडते, त्यानं पोट चालतं. ज्याला माहीत आहे तो माणूस दोन प्रश्नांत ओळखतो. तुला कुणी ते दोन प्रश्न विचारले नाहीत. खायला मात्र सगळ्यांनी मोजूनमापून घातलं.

आणि बरणी! तुझं ऑपरेशन अकोल्याला झालं, तेव्हा डॉक्टरांनी गाठ औषधाच्या पाण्यात घालून बरणी मामाच्या हातात दिली होती आणि लॅबमध्ये नेऊन द्यायला सांगितलं होतं. बाबा तुझ्या भावापुढं कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही. मी त्यांच्यासोबत होते. मामा म्हणाला, "गाठ निघाली ना? मंग आता तिची काय पूजा करता?" आणि स्टँडच्या मागच्या नालीत बरणी उपडी केली. हात झटकले आणि आम्हाला रसवंतीवर उसाचा रस पाजला. मी त्या बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जीनची तपासणी तेव्हा आपल्याकडे सहज होत नव्हती. पण गाठीचं नाव तरी कळलं असतं. मग तुमचा गळा कुणीतरी आधीपासून बघितला असता." माझी गाठ सापडली तेव्हा ती मानेतल्या दुसऱ्या ग्रंथींपर्यंत पसरलेली होती, माय. रक्ताच्या तपासणीत या कॅन्सरचा आकडा अजून खाली येत नाही.

मग माझ्या रक्तातून जीनची तपासणी झाली, मग लेकरांची. पोराच्यात दोष नाही. पोरीच्यात निघाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची थायरॉइडची ग्रंथी काढली. त्याच बाईंनी ती बारीक चिरून पाहिली, आत मोहरीपेक्षा लहान ठिपके सुरू झाले होते. बाहेर काही गेलं नव्हतं. आता रोज सकाळी एक गोळी, बस. पोरगी गळ्याचा व्रण झाकत नाही. कुणी विचारलं तर रोगाचं पूर्ण नाव सांगते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, आईच्या भावंडांना सांगा. म्हणून मी जानेफळला गेले. मामा अंगणात सोयाबीनच्या पोत्यांवर बसला होता. मी म्हटलं, "मामा, रक्ताची एक तपासणी आहे. आधी तुमची करू. तुमच्यात नसलं तर पोरांना काळजीच नाही."

"आपल्या खानदानात असं काई नाई."

"माझी माय तुमच्याच खानदानातली होती."

"तिले गलगंड होतं. आन पाय, पोरीले पाहुणे येऊन राह्यले. तू हे असलं घेऊन आमच्या दारात काऊन आली?"

मी बरणीचं विचारलं. त्याला आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, माय, तो खोटं बोलत नव्हता. मला वाटलं, त्याच पोत्यांवर त्याला गदागदा हलवावं. मामीनं आणलेला चहा तसाच ठेवून मी उठले.

आठ-पंधरा दिवसांनी त्याच्याच पोरीचा फोन आला. "ताई, मले करायची हाय ती तपासणी. बाबाले नोको सांगू." मी तिला घेऊन गेले. रिपोर्ट आला, तिच्यात दोष नव्हता. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग आनंदात तिनंच घरी सांगून टाकलं. आता मामा सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरतो, "म्या म्हणलंच होतं." पोरीत नाही म्हणून बापात नाही असं होत नसतं, धाकट्या पोराचं बघायचं राहिलंच आहे, हे मी पुन्हा फोन करून सांगितलं. त्यानं फोन मामीकडे दिला.

ती पोर रडत होती तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि "बरं झालं बाई, बरं झालं" म्हणत होते. पण त्या घडीला मला बरं वाटलं नव्हतं, माय. मला तो दोष मामाच्या घरात निघायला हवा होता. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि तुला पोचणार नाही म्हणूनच लिहिता आलं.