मेंढरं कुणी बसवंना

झरी शिवार,
२१ एप्रिल, मंगळवार

ती. रुपालीताईस अमृतचा नमस्कार. वालूरला भाऊजी, लेकरं बरी असतील.

लय दिवस लिहीन लिहीन म्हणायलोय. पेन घेतला की पाय बाहेर पडतेत. काल तुझ्याकडं यायला पिंगळीच्या स्टेशनात जाऊन बसलो. गाडी आली, मी चढलोच न्हाई. फोनवर बोलता येईना, बाबा बाजूलाच असतात.

तुझी काळी शेळी व्याली. एका पिल्लाचा कान पांढरा हाय.

मेंढरांचं विचारशील. दर उन्हाळ्यात शेतकरी आपणहून बाबांकडं यायचे, "धोंडीबा, एक मुक्काम मेंढरं आमच्या रानात बसवा." त्यांना लेंडीखत, आपल्याला ज्वारी अन् चारा. यंदा रानं मोकळी पडलीत, पण आमाला बघून म्हणतेत, "बघू."

ग्रामपंचायतीची निवडणूक आली ना. मला कळतं तवापासून आपल्याकडं बिनविरोधच. आरक्षण कुणाचंबी पडो. कधी महारुद्र मालक सरपंच, कधी त्यांची बायको, कधी ड्रायव्हर. बिरदेवाच्या देवळात बैठक झाली. मालकांनी रीत म्हणून विचारलं, "कुणाचा विरोध हाय का?" बाबा उठले. "हाय. एकदा मतं तर पडू द्या." बस्स, एवढंच.

मालक चिडले न्हाईत. हसले, बाबांना चहा पाजला. मी शेजारच्या बन्सीधरकाकांना विचारलं, "मेंढरं बसवू नका असं मालक म्हणले का?" तर म्हणतेत, "छ्या! ते कशाला बोलतील? आपणच समजून घ्यायचं." ताई, सगळं गाव असं समजून घ्यायलंय. मी एवढी गावं हिंडलो, पण बिनहुकमाची अशी ताबेदारी न्हाई बघितली.

आता खरं लिहितो. आज बाबा देवळात मालकांपुढं भंडारा उचलणार, देवाची हळद हातात घेऊन शपथेवर म्हणणार, "माझा विरोध न्हाई." माय म्हणली, "मुकी जनावरं उपाशी मारता का?" बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. भंडाऱ्याची पुडी बांधून झाली, आता बाबा पागोटं गुंडाळायलेत.

थांब, दारात कुणीतरी हाक मारायलंय.

ताई, सुमनबाई आल्यात! मालकांची सख्खी भावजय! भर दुपारी, सगळ्या गल्लीदेखत, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. "धोंडीबा, मेंढरं आज माझ्या रानात बसवा. अन् बन्सीधरभावजी, खिडकीतून काय बघताव? बाहेर येऊन बघा की!"

माय गाठोडं उतरवून घ्यायलीय. बाबांच्या मुठीत पुडी अजून तशीच हाय.

मी मेंढरं सोडायला वाडग्याचं दार उघडायला चाललोय, बाबांना न विचारता.

तुझा भाऊ,
अमृत