डब्याचा फोटो

अजमान,
१९ जानेवारी २०२६

चि. सौ. अनुपमास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. अंकुर सकाळी सहाच्या आत निघतो, तरी दुबईत अल क्वोजच्या वेअरहाउसला पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये दीड तास जातो. ओवीचा पुढचा दात पडला. तुला दाखवायला म्हणून तिने तो काडेपेटीत ठेवलाय. इथली हवा सध्या छान आहे, पण तुझ्याकडे उणे एकवीस आहे असं फोनवर वाचून ती मला उगाच स्वेटर घालायला लावते.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटलं असेल. रोज फोन होतोच, पण तो स्पीकरवर असतो आणि समोर कधी तुझा नवरा, कधी लेक. सासूला सुनेशी एकटीने बोलायचं तर लिहायलाच हवं. शेजारची शहनाझ या पानांचे फोटो काढून तुला मेल करणार आहे. ती हैदराबादची, तिला देवनागरी वाचता येत नाही, हे एक बरं.

गेल्या गुरुवारी ओवीच्या शाळेत गेले होते. आईवडील काय काम करतात ते प्रत्येकाने वर्गाला सांगायचं होतं, आणि अंकुरचं शिपमेंट अडकलं होतं. ओवीने मोठं चित्र काढलं होतं. पांढराशुभ्र बर्फ आणि त्यात ओळीने उभ्या शेकडो अँटेना. नॉर्वेचं वरचं टोक तिने बोटाने दाखवलं आणि म्हणाली, "व्हेन द सन कॉफ्स, माय मदर्स रडार सीज व्हॉट हॅपन्स टू द स्काय." सूर्याला खोकला येतो! तू मला हेच तीनदा समजावलं होतंस, सूर्यावरची वादळं, वरची हवा तापणं, परत येणारे रेडिओचे संदेश. मी हूं हूं करत भाजी निवडत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

तिच्या वर्गात अरफा नावाची मुलगी आहे. तिचे वडील पायलट आहेत, अमेरिकेला उत्तर ध्रुवाच्या बाजूने विमान नेतात. ती उठून म्हणाली, "सो युअर मदर इज वॉचिंग माय डॅड?"

ओवीने जरा विचार केला. "नॉट हिम. द स्काय अबव्ह हिम."

मग मॅडमने विचारलं, आईची आठवण येते का. ओवी म्हणाली, "येस मॅम. बट शी कान्ट कम नाउ. शी इज इन द मिडल ऑफ इट."

तू महिनाअखेर काम सोडून येते आहेस, हे तिला अजून ठाऊक नाही ना. मी तिथून उठून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

अनु, आता लिहितेच. नोव्हेंबरात ओवीचा घसा धरला होता तेव्हा ती चार दिवस जेवली नाही, ते खरं. पाचव्या दिवसापासून ती व्यवस्थित जेवायला लागली. हे मी तुला सांगितलं नाही. तू विचारायचीस, "आई, आता खाते ना?" मी म्हणायचे, "कुठलं काय."

आणि या महिन्यात सहा तारखेला मी तुला डब्याचा फोटो पाठवला. पोळीचा रोल, काकडी, दोन खजूर, सगळं जिथल्या तिथे. खाली लिहिलं, "आजही तसाच परत आणला."

तो फोटो सकाळचा होता. डबा भरला, झाकण लावायच्या आधी काढला, आणि दुपारी तुला पाठवला. त्या दिवशी ओवीने डबा पुसून खाल्ला होता, वर घरी येऊन आणखी एक पोळी मागितली.

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "मी इथलं सोडते, आई." मी म्हटलं, "तुझा निर्णय तू घे." असं म्हणायला जीभ कशी रेटली माझी!

का केलं ते विचारशील. ओवीसाठी करतेय असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नाही, एवढंच आज लिहिते.

सूर्य असा खवळलेला पुन्हा दहा-अकरा वर्षांनी सापडतो, हे तूच सांगितलं होतंस. अजून वेळ गेली नसेल तर राजीनामा मागे घे. अंकुरला मी आज संध्याकाळी सांगणार आहे, पण आधी तुला.

वर सवयीने आशीर्वाद लिहिले. ते घ्यायचे की नाही, ते तू ठरव.

कुंदा

*

अजमान,
२८ जानेवारी २०२६

प्रिय अनु,

अंकुरला सांगितलं तेव्हा तो नुकताच दारातून आत आला होता. बूट न काढताच सोफ्यावर बसला. "आई, तीन वर्षं वाट बघत होती ती या कामाची," एवढंच बोलला. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तुझाही फोन आला तो ओवीपुरता. मी स्वयंपाकघरातून तुझा आवाज ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी, मी एकटी असताना, तू माझ्याच फोनवर केलास.

"साहेबांनी कागद पुढे पाठवला नव्हता," तू म्हणालीस. "मी मेपर्यंत थांबतेय."

"बरं केलंस."

"मी खूप रागावलेय, आई. तो फोटो बघून मी रोज रडत होते. कंट्रोल रूममध्ये, सगळ्यांसमोर."

मी चालू गॅस बंद केला. आणि मग तू विचारलंस, "तुम्हाला घरी जायचंय का?"

अनु, पाच महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन महिन्यांसाठी आले होते. मग डिसेंबरपर्यंत झालं, मग मेपर्यंत. तुम्हा दोघांना नाही म्हणायचं धाडस झालं नाही. साताऱ्याला दुपारी कृष्णाबाई चहाला येते, भांडते, जाते. इथे आठ ते तीन मला माणसाचा आवाज नाही. लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई मजला सांगते तेवढंच. तू आलीस की मला सुटता येईल, हेच माझ्या मनात होतं, आणि मी ओवीचं नाव पुढे केलं. माझ्या नातीचं नाव. याची लाज मला जन्मभर पुरेल.

फोनवर मी नुसती "हो" म्हणाले आणि रडले. तूही रडलीस. मग तुम्ही नवरा-बायको तासभर बोललात. अंकुरने ऑफिसातून आठवड्याचे दोन दिवस घरून काम मागून घेतलं. उरलेल्या दिवशी ओवी शाळेतून थेट शहनाझकडे जाईल. शहनाझ म्हणाली, "आंटी, पहले क्यूं नहीं बोला? खलास, आप जाओ." ओवीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, यू शुड हॅव जस्ट सेड."

पाच तारखेचं तिकीट आहे. परत यायलाच हवं असं नाही, हे तू दोनदा सांगितलंस, आणि तुझ्या आवाजात राग अजून होता, तेही ऐकलं. तो असू दे. घाईने माफ करू नकोस, मला ते खोटं वाटेल.

पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी परत येते आहे. या वेळी कुणाच्या भिडेखातर नाही. मला यायचं आहे.

स्वतःच्या मर्जीने तुझी,
आई