पंच क्रमांक दोन

बारामती, ४ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि. तुमचा मोबाईल अजून मुद्देमालात अडकलाय, म्हणून पत्र. तुम्ही मात्र निर्दोष सुटलात, त्याचे पेढे पोचले. जी पाण्याची मोटार तुम्ही म्हणे विहिरीवरून चोरलीत, ती सगळा वेळ रिवाइंडिंगच्या दुकानात होती, हे खुद्द फिर्यादी आबाजींनीच कोर्टात कबूल केलं.

आता तुम्हाला अटक करणाऱ्या फौजदारावर भरपाईचा दावा लावायचा म्हणता, लावू. पण नुसतं सुटून भागत नाही. त्याच्याकडं संशयाला आधार नव्हता आणि तुमच्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा राग काढला, हे आपण दाखवायचं. म्हणून कागद चाळले. तुमच्या घरातून मोटारीची तांब्याची तार जप्त केल्याचा पंचनामा आहे. पंच क्रमांक दोन म्हणून त्यावर तुमचीच सही. आरोपी तुम्ही, साक्षीदारही तुम्ही. मागच्या वकिलांनी ते पान उलटलंच नसावं. ही सही आली कुठून?
मामींना जयभीम.
तुमची करुणा

वरकुटे, ९ ऑगस्ट

चि. करुणास,
जयभीम व पोटभर आशीर्वाद. मका गुडघ्याला लागलाय, मामीचा गुडघा दुखतोय. सहीचं म्हणशील तर कुणी नक्कल केली आसंल. शाळामास्तराची सही, पोरंसुद्धा प्रगतिपुस्तकावर ठोकायची. तू मोठी चौकशीखोर. बघायला आलेल्या पाव्हण्याला पगाराची पावती मागणारी तूच. दाव्याचं बघ.
तुझा मामा, बुद्धघोष

बारामती, १४ ऑगस्ट

ती. मामांस,
जयभीम. वि. वि. नक्कल नाही. त्याच फौजदाराच्या इतर खटल्यांच्या नकला काढल्या. एकवीस पंचनाम्यांवर तुम्ही पंच. एका दुपारी तर एकाच वेळी कळंबलाही हजर आणि इंदापूरलाही. मामींना हे ठाऊक आहे का?

माझा अंदाज, सह्या कोऱ्या कागदांवर झाल्या. दाव्याला याहून चांगला पुरावा नाही. पण तो कोर्टात तुम्हालाच सांगावा लागेल. आणि त्या एकवीसांतल्या एका पंचनाम्यावर तुमच्या गावचे सर्जेराव नऊ महिने तुरुंगात होते. ठरवायचं तुम्ही.
करुणा

वरकुटे, २२ ऑगस्ट

चि. करुणास,
जयभीम. कोऱ्याच कागदांवर. हवालदार चहाला थांबायचा, म्हणायचा, गुरुजी, दोन सह्या करून ठेवा, तुमच्या शब्दाला वजन हाय. पोलीस आपल्याला गुरुजी म्हणतो, याचंच अप्रूप. त्याच गठ्ठ्यातला एक कागद फिरून माझ्या दारात आला, तवा कुठं कळलं वजन कशाला म्हणत्यात.

काल सर्जेरावाकडं जाऊन सगळं सांगितलं. त्याच्या बायकोनं, सारजानं, चहा ठेवला हुता, तो तिनं न गाळताच खाली उतरवला. सर्जेराव म्हणाला, गुरुजी, फौजदारावर तुमी दावा लावताय, तुमच्यावर कुणी लावायचा?

मी त्याला तुझा पत्ता दिलाय. तुला त्याची केस घेता येत नसंल तर चांगला वकील काढून दे. सोमवारी येतोय. माझा दावा लिहायच्या आधी त्याचं सगळं ऐकून घे. लोभ ठेवायचा का न्हाय, ते ऐकल्यावर ठरव.
बुद्धघोष