उसवण्याची खूण

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

परदेशातल्या नोकरीसाठीचा नमुन्याचा तास काल झाला आणि मी माती खाल्ली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील.

आमच्या शाळेतल्या रिकाम्या वर्गात संगणक लावला होता. पडद्यावर समुद्रापलीकडच्या त्या कर्णबधिर शाळेतली आठ मुलं आणि मागच्या बाकावर त्यांच्या मोठ्या बाई. तिकडची खुणांची भाषा वेगळी, हे तुला पन्नासदा लिहून झालंय. आठ महिने मी ती आरशासमोर घोकते आहे. हातच्याची वजाबाकी शिकवायची होती. पहिली पंधरा मिनिटं झकास गेली. मग दोन वेण्यांच्या एका मुलीने फळ्यावर उत्तर चुकवलं. चूक दुरुस्त कर, याची तिकडची खूण मला झोपेतसुद्धा आली असती. पण ऐन वेळी डोकं कोरं झालं आणि माझा हात आपल्या घरची खूण करून बसला. चिमटीत धागा धरायचा आणि सरकन ओढायचा. उसव!

मावशी, अख्ख्या जगात ती खूण फक्त तुला आणि मला कळते. आई गेल्यावर सहा वर्षांची मी तुझ्याकडे आले, तुझ्या मशीनवर पहिली वाकडी शिवण घातली, तेव्हा तू रागावली नाहीस, नुसती ती खूण केलीस. तेव्हापासून हाताला जी सवय लागली ती लागलीच. मोठ्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल ते मला न वाचताच कळलं.

कळावे. लोभ ठेव, आज त्याची जरा जास्तच गरज आहे.

तुझी,
बडबडी

—

दि. ११ फेब्रुवारी

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

आधी डोळे पूस. एक तास बिघडला म्हणून कुणी सुतक पाळतं का?

तुला मी बडबडी म्हणते याचं शेजारच्या घड्याळजींना भारी हसू येतं. बहिऱ्या बाईला काय कळणार कोण किती बोलतं, असं त्यांना वाटतं. जेवतानासुद्धा तुझे हात गप्प बसत नसत आणि भाजी गार होत असे, हे त्यांना काय ठाऊक!

फोन घे म्हणून पुन्हा लिहू नकोस. त्यातली अक्षरं सगळ्यांची सारखीच. कागदावरचं तुझं अक्षर पाहिलं की तू घाईत आहेस की रडवेली हे मला लगेच कळतं. या खेपेला रडवेली होतीस.

तिकडे न्यायचा तुझा कोट पूर्ण झाला, आजच टपालात टाकला. नोकरी मिळो न मिळो, थंडी काही चुकत नाही. अस्तर दुहेरी आहे आणि आतला खिसा पासपोर्टच्या मापाचा. गिऱ्हाइकांच्या गर्दीत केलाय, तेव्हा फार खोडी काढू नकोस. डोळे दाखव म्हणून तू मागे लागली होतीस, दाखवले. वयाचं आहे म्हणाले. झालं समाधान?

वेळेवर जेव. तुझी वाट बघायची सवय मला आहेच, तू उगाच घाई करू नकोस.

मावशीचे आशीर्वाद

—

दि. १९ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मिळाली! मावशी, नोकरी मिळाली!

मोठ्या बाईंचं पत्र चार वेळा वाचलं तेव्हा कुठे विश्वास बसला. त्या दोन वेण्यांच्या मुलीने चुकायच्या भीतीने वर्षभर खडू हातात धरला नव्हता म्हणे. त्या दिवशी मुलांनी बळेच तिला पुढे ढकललं होतं. माझी खूण तिला कळली नाही, पण मी काहीतरी ओढून टाकलं एवढं दिसलं. तिने उत्तर पुसलं, हसली आणि पुन्हा केलं. आता म्हणे सगळा वर्ग चुकलं की हवेत धागा ओढतो. ही खूण कुणाची, असं बाईंनी विचारलंय. माझ्या मावशीची, ती कपडे शिवते, असं मी अभिमानाने कळवलं. होकार सही करून पंधरा एप्रिलच्या आत पाठवायचा आहे.

कोट अंगाला असा बसलाय की काढवत नाही. पण एक विचारते, रागावू नकोस. सहा बटणांपैकी चार काळी आहेत आणि दोन गडद निळी. एका छटेच्या फरकावरून तू दुकानदाराला रीळ परत करायचीस. तुझ्या पत्राच्या ओळीसुद्धा चढण चढल्यासारख्या वर गेल्यात. तुला माझं अक्षर वाचता येतं, तसं मलाही तुझं येतं. डॉक्टर नक्की काय म्हणाले?

लोभ आहेच. खरं बोलण्याएवढा असावा, एवढीच विनंती.

तुझी,
बडबडी

—

दि. २५ फेब्रुवारी

चि. मुलीस आशीर्वाद.

मी शेजारचा घड्याळजी. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही असा कानाला खडा लावलाय, पण आता राहवत नाही. तुझ्या मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पार पिकलाय. नोव्हेंबरातच डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून सांगितलं. मी तिच्यासोबत गेलो होतो. तो कागद तिने मशीनच्या खणात कोंबून ठेवलाय. रोज सकाळी ती दहा सुया घेऊन माझ्याकडे येते आणि मी डोळ्याला भिंग लावून त्या ओवून देतो.

ऑपरेशनला ती तयार नाही. डोळे झाकले की तिला ना ऐकू येणार, ना दिसणार. तशा अंधारात बडबडीशिवाय कुणाचा हात धरणार नाही, असं तिने मला वहीत लिहून दाखवलं. आणि तुला मात्र कळवायचं नाही. आता तूच काय ते ठरव.

तुझा शुभचिंतक,
घड्याळजी काका

—

दि. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी जात नाही. नकाराचं पत्र लिहून पाकिटात घातलंय. तू अंधारात बसायचं आणि मी परक्या मुलांना वजाबाकी शिकवायची, हे मला जमणार नाही. राग आलाय तुझा. नोव्हेंबरपासून मला अंधारात ठेवलंस! ऑपरेशनचा दिवस ठरव, मी येते आणि मग तिथेच राहते. यावर वाद नको.

तुझी,
बडबडी

—

दि. ८ मार्च

चि. बडबडीस आशीर्वाद, आणि त्यांच्याबरोबर एक धपाटा.

घड्याळजींशी मी चार दिवस अबोला धरलाय. म्हणजे वही उघडत नाही. सुया मात्र ओवून घेते.

ते नकाराचं पत्र उसव. आत्ताच्या आत्ता.

भीती वाटते, हे खरं आहे. तुला खोटं लिहिलं ही माझी चूक. कान गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते, काय गेलं ते कळलंच नाही. डोळे गेले तर कळेल. म्हणून तो कागद खणात कोंबला आणि तुझं तिकीट निघालं की बघू म्हटलं. पण माझ्या भीतीपायी तू पाय मागे घेतलास तर त्या कोटाच्या खिशात काय ठेवशील?

तुझं पत्र वाचलं आणि वही घेऊन तडक दवाखान्यात गेले. एकटी. आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही बरोबर न घेता. तिथल्या नर्सबाई चांगल्या निघाल्या. त्यांनी लिहून दिलं की आत कुणाच्याच भाचीला सोडत नाहीत. घ्या! चार महिने मी उगाच तुझ्यावर अडून बसले. मग आम्ही दोघींनी ठरवलं. त्या माझा डावा तळहात धरतील. एकदा टिचकी म्हणजे हलू नका, दोनदा म्हणजे छान चाललंय, तीनदा म्हणजे झालं. मी त्यांच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं.

सोळा तारीख ठरली आहे. तू यायचं नाहीस. आलीस तर दार उघडणार नाही, आणि तू कितीही घंटा बडवलीस तरी मला ऐकू येणार नाही.

लोभ कर, लुडबुड नको.

मावशी

—

दि. ५ एप्रिल

चि. बडबडीस अनेक उत्तम आशीर्वाद.

घड्याळजींच्या पत्रावरून उजवा डोळा ठीक असल्याचं तुला कळलंच असेल. आता माझ्या हाताने लिहिते. नर्सबाईंनी दोनदाच्या टिचक्या इतक्या मारल्या की तळहात लाल झाला. तीनदाची आली तेव्हा मी पट्टीखाली रडले. डॉक्टर म्हणे वैतागले.

बाई गं, भिंतीला रंग आहे! मी ती राखाडी समजत होते. घड्याळजींचा शर्ट कॉलरपाशी मळलेला असतो, हेही आता समजलं. बटणांचा डबा उघडला तर उरलेली दोन काळी बटणं माझ्याकडेच बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाकिटात घातलीत, निळी उसवून ही लाव. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्ये, नर्सबाईंचा हात मी आधीच राखून ठेवलाय.

आता नीट वाच. या पत्राच्या तळाशी हाताने धावदोरा घातलाय, लाल दोऱ्याने, या कडेपासून त्या कडेपर्यंत. सुई माझी मी ओवली आहे. पट्टी लावून बघ. केसभर वाकडा निघाला तर खुशाल राहा, मी चकार शब्द लिहिणार नाही. सरळ निघाला तर पंधरा तारखेच्या आत होकार गेला पाहिजे.

लोभ आहे तो सामानात सगळ्यांत वर ठेव.

मावशी

—

दि. ११ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पट्टी लावली. शाळेतली लांब, लाकडी पट्टी. बेचाळीस टाके आहेत आणि एक्केचाळीस असे सरळ, की पट्टीलाच लाज वाटावी.

शेवटचा मात्र खाली घसरलाय. मी तो उसवायला चिमटीत धरला होता. मग कागदावर त्याच्याच शेजारी पाण्याचा वाळलेला डाग दिसला आणि सोडून दिला. तो काही मोतीबिंदूच्या खात्यावर मांडता येत नाही.

होकार आज सकाळी पाठवला. विमान एकोणतीस मेचं आहे, त्याआधी आठ दिवस मी तुझ्याकडे येते. दार उघडशील ना? काळी बटणं लावली. तुझं पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलंय, पासपोर्टच्या मापात बरोबर बसलं. तिकडची मुलं उसवायच्या खुणेबद्दल विचारतील तेव्हा त्यांना तो शेवटचा टाका दाखवीन, आणि सांगीन की हा एक उसवायचा नसतो.

लोभ आहेच, वाढतच राहो.

तुझी,
बडबडी