शकुबाईच्या नावाने प्रवेश

३ नोव्हेंबर
आसगावहून सामान आलं. टेम्पो नऊशे, दोन हमालांना दोनशे (त्यातला एक नुसता तंबाखूचा खर्रा घोटत उभा), देव्हाऱ्याला नवा पाट साठ, झाडू चाळीस. दिघोरीची खोली हवेशीर आहे, आम्हा नवरा-बायकोला पुरेल. मला महिला धान संस्थेत हिशेबाचं काम मिळालं. बाया गिरणीत धान देतात, मी वेबसाइटवर पोती चढवते, मग गिरणीतून त्यांचा तांदूळ सुटतो. आधी हे काम करणाऱ्या शकुबाई श्रावणात वारल्या. खोलीही त्यांचीच. देव त्यांना सद्गती देवो.

६ नोव्हेंबर
संगणक लावला की रोज पडद्यावर येतं, ‘शकुबाई म्हणून जोडले’. मेलेल्या बाईच्या नावाने मी कायले काम करू? वेबसाइट बनवणाऱ्या भूपेंद्रला नागपूरला फोन लावला. तो म्हणे, काकू, वेबसाइट डेटाबेसमध्ये शिरताना ते नाव न् पासवर्ड सांगते, तुमाले काय करायचं? अध्यक्ष देवकाबाई म्हणाल्या, शकुच्या दहाव्याले कावळा पिंडाले शिवतच नव्हता. ‘तुझं नाव संस्थेतून काढणार नाही’ असा बायांनी शब्द दिला, तवा शिवला. मी म्हटलं, कावळ्याले पासवर्ड कळते काय! घरात माझाही देव्हारा आहे, मी नाही भीत. भूपेंद्रला तिचं नाव पुसून माझं, कुंताबाई, घालायला लावलं.

८ नोव्हेंबर
वेबसाइट बंद. ‘प्रवेश नाकारला. शकुबाई: पासवर्ड चुकला.’ भूपेंद्र म्हणे, सेटिंगच्या फाईलमध्ये जुनंच नाव राहिलं. मग हे आधी नाही सुचलं त्या दिवट्याला? फाईल बदलली, सगळं बंद करून पुन्हा लावलं. फाईलमध्ये कुंताबाई, पडद्यावर शकुबाई! गिरणीत पोती अडली. बाया तोंडावर बोलतात, शकु होती तवा असं नव्हतं होत. मी काय तिचं खाल्लं?

१० नोव्हेंबर
आज पडद्यावर दुसरंच. ‘कुंताबाई नावाचा वापरकर्ता नाही.’ भूपेंद्रवर ओरडले. त्यानं वापरकर्त्यांची यादी उघडली. माझं नाव गेलेलं, तिचं परत आलेलं. म्हणे, काकू, आईची शपथ, मी हात नाही लावला. मेली तरी जागा सोडायला काय घेते ही बया! रामरक्षा म्हणायला बसले. लहानपणापासूनची पाठ. अडखळले.

११ नोव्हेंबर
वेबसाइट आपोआप सुरू. तांदूळ सुटला. बाया पेढे घेऊन आल्या, म्हणाल्या, शकुबाई, तुह्या हाताले यश आहे वो. थट्टाच असेल. मी चिडले, शकु कोणाला म्हणता? त्या हसून म्हणाल्या, मंग कोण तू? तोंड उघडलं — आणि मला पटकन माझं नाव —

१२ नोव्हेंबर
आमचे हे मला नुसतं ‘अवो’ म्हणतात, नाव कधी घेतलं नाही. आज रागानेच म्हटलं, घ्या माझं नाव. लाजले. मग डोकं खाजवायला लागले. आठवेना त्यांना.
सहा तारखेच्या पानावर ‘कुंताबाई’ लिहिलंय. अक्षर माझं. कोण ही —

१३ —
धुरपता, माझी मोठी बहीण, आसगावला. तिला नक्की माहीत. फोनमध्ये तिचा नंबर नाही. कुठून असेल, शकुची ती कोणीच नव्हती —
मी असं का लिहिलं?
पोस्टकार्ड आणलं. हे असं लिहायचं — बाई, तुझ्या हाताने माझं नाव लिही, मोठ्या अक्षरात, उलट टपाली कळव. पत्ता, मुक्काम दिघोरी, शकुबा— नाही — शकु