पाच पूर्ण बोटं

नांदुरा,
सोमवार दुपार

प्रिय पुष्पे,

तुझ्या फीच्या मदतीच्या अर्जाची कागदं या पाकिटात आहेत. आईच्या उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, बाबांच्या मृत्यूचा दाखला. एक कागद जास्तीचा आहे, सगळ्यात खाली. तो आत्ता काढू नकोस, आधी हे वाच. फोन केला असता, पण फोनवर तू मधे मधे बोलतेस आणि मी एकदा भलतीकडं वळलो की परत मुद्द्यावर येत नाही. कागदावर निदान मागचं वाचून तरी बघता येतं.

तहसीलीत तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी साहेब होते तर लाईट नव्हती. रांगेत एक म्हातारा भेटला, त्याला पपई उतरवायला माणूस पाहिजे होता. मी रांग सोडून त्याच्या मळ्यात गेलो, म्हणून तिसरा दिवस. आई म्हणाली, "तुह्या पायाले भिंगरी हाये, बापावानी." बाबांचं नाव आपल्या घरात असंच चुकून निघतं आणि लगेच कोणीतरी चहा ठेवायला उठतं.

तुला मदत देणाऱ्या ट्रस्टच्या यादीत आई-वडिलांची कराची कागदं मागितली होती, वडील नसतील तर ते असतानाची शेवटची. म्हणून प्रेमानंदभाऊंकडं गेलो. कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या कराचं तेच बघतात, बाबांच्या कापूस-दलालीचा करही तेच भरायचे. तुला बाबांचा हात आठवतो का? तू अकरा वर्षांची होतीस. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ते हळूच ओढायचे आणि धागा किती लांब निघेल ते डोळे मिटून सांगायचे. उजवी करंगळी तरुणपणीच मशीनच्या पट्ट्यात गेलेली, अर्धीच. ओढताना ती अर्धी करंगळी हवेत उभी राहायची. मी लहानपणी तशी उभी धरून बघायचो, मला जमायचं नाही.

प्रेमानंदभाऊंच्या जुन्या वहीत बाबांच्या कराच्या खात्याचा पासवर्ड होता. कॉम्प्युटर उघडून ते बराच वेळ बघत बसले, मग चष्मा काढला. "शिवम, तुहे बाबा कधी गेले बे?" मी म्हटलं, सात वर्षं झाली. "मंग दोन सालाआधी दलालीवर कर कोणाचा कापला? आन मागच्या साली?" बाबांच्या खात्यात कर कापणाऱ्याचं नाव बऱ्हाणपूरच्या एका जिनिंगचं होतं. "कोणी पॅनकार्ड वापरत असंल लेका," ते म्हणाले, "घाबरू नको." मी घाबरलो नव्हतो. सात वर्षं मी याचीच वाट बघत होतो, फक्त ते कागदावर येईल असं वाटलं नव्हतं.

आता ते सांगतो. बाबा दिवाळीनंतर स्टेशनवर कोणाला तरी सोडायला गेले आणि आले नाहीत. बावीस दिवस आई रोज एकेका स्टेशनवर जाऊन फोटो दाखवायची. जेवत नव्हती. तुला शेजारी ठेवायचो, तू विचारायचीस, "आई आज कोण्या गावाले गेली?" तेविसाव्या दिवशी निरोप आला की रुळाजवळ एक माणूस सापडला, अंगात निळ्या पट्ट्यांचा सदरा आहे. तो सदरा बाबांचाच होता असं सगळे म्हणाले. जिनिंगनं त्या दिवाळीला सगळ्यांना एकाच ताग्याचं कापड दिलं होतं, साठ माणसांनी तसाच सदरा शिवला होता, हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. काका नाकाला रुमाल लावून शवागाराच्या दारात थांबले. आत मी गेलो, सोळा वर्षांचा. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता. मी हात बघितला. उजवा हात. पाच बोटं होती, पाचही पूर्ण. शिपायानं विचारलं, "तुह्ये बाबाच हायेत ना?" बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. मी म्हटलं, "हाव."

पुष्पे, मी ते चुकून म्हटलं नाही.

दहाव्याला कावळा शिवला नाही. मेलेल्याची इच्छा राहिली म्हणून एकेक जण पुढं होऊन शब्द देत होता. काका आईकडं बघून म्हणाले, शालूबाईला अंतर देणार नाही. आत्या काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, पुष्पीला शिकवीन, तिची फी मी भरीन. झाडावर सहा-सात कावळे बसलेले, एकही खाली येईना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. सगळे रडत होते आणि मी मनात म्हणत होतो, कसा येईल, त्याला काय पाहिजे ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

तेव्हापासून तो रुळाजवळचा माणूस माझ्यासोबत आहे. तुम्हाला वाटतं मी हार्वेस्टरवर, ट्रकवर, ट्यूबवेलच्या गाडीवर भटकतो ते हौसेनं. ढाब्यावर मी जेवायला बसलो की समोरच्या बाकावर तो बसतो, निळ्या पट्ट्यांचा सदरा घालून, हात टेबलावर ठेवून. काही मागत नाही. बोटं दाखवतो फक्त. मी ताट सोडून उठतो. गाव बदललं की चार दिवस येत नाही, मग येतो.

परवा बऱ्हाणपूरला गेलो. त्या जिनिंगच्या गेटसमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या. तिथं एका काळ्या कुत्रीला चार पिल्लं झालेली, एक पांढऱ्या पायाचं होतं. बराच वेळ मी त्यांच्याकडंच बघत बसलो. खरं सांगतो, वर बघायची हिंमत होत नव्हती. मग बघितलं. गाडीजवळ एक माणूस डोळे मिटून पुंजका ओढत होता आणि अर्धी करंगळी हवेत उभी होती.

तेच माझ्याकडं आले. केस पांढरे झालेत. "कोणती गाडी बे तुही?" मी म्हटलं, गाडी नाही, असाच फिरत आलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पाण्याची बाटली पुढं केली. "उनाचं फिरू नये," म्हणाले, "घरचे वाट पाहत असतीन." आणि पुढच्या गाडीकडं गेले. मला आता दाढी आहे, आवाज बदललाय. ओळखलं की नाही, घर सोडून काऊन गेले होते, काहीच कळलं नाही. मी विचारलंही नाही. बसमध्ये राग यायला पाहिजे होता, पण डोक्यात तेवढंच वाक्य होतं. घरचे वाट पाहत असतीन. आणि मला आपलं घर आठवलं नाही. त्या दुसऱ्याचं घर आठवलं. जिनिंगवर हंगामाला बाहेरून आलेला कोणी मजूर असेल. त्याचीही कोणी शालूबाई असेल, ती अजून स्टेशनांवर फोटो दाखवत असेल. तिचा माणूस आपण जाळून बसलो.

म्हणून हे पत्र. अर्जाच्या शेवटच्या पानावर "माझे वडील हयात नाहीत" असं छापलंय आणि खाली तुझी सही लागते. मी सोळाव्या वर्षी जे बोललो, तेच तू अठराव्या वर्षी लिहून देशील, काही माहीत नसताना. सही करू नकोस. खालचा कागद बघ, त्यावर त्यांचं नाव आणि मागचं साल आहे. शुक्रवारी मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे की तो माणूस आमचा नव्हता. मग बाबांचा दाखला रद्द होईल आणि ट्रस्टची मदतही जाईल, माझ्यावर काय येईल ते येवो. तुझी फी हप्त्यानं भरता येते, मी कॉलेजात विचारलं. प्रेमानंदभाऊंनी शब्द टाकला, इथल्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी काम मिळालं, हंगामभर, एका जागी. पिंडापुढं शब्द भलत्याच माणसाला दिला होता, पण तो तुझ्यासाठीच होता. आईला गुरुवारी रात्री जेवण झाल्यावर मीच सांगीन, त्याआधी तू फोन करू नकोस. ठाण्यात विचारतील, कशावरून म्हणतोस. मी उजवा हात पुढं करीन आणि पाचही बोटं उघडून दाखवीन.

तुझाच, एका जागी बसायला शिकणारा,
शिवमदादा