तलावाकाठच्या दोन खुर्च्या

ता. ३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते आहे. इथली गाडी रोज गावात टपाल घेऊन जाते, तेव्हा उत्तराला आळस करू नकोस.

रिसॉर्ट सुंदर आहे, नाही म्हणायला जागा नाही. छापखान्याने ह्यांना निरोपाची भेट म्हणून हा मुक्काम दिला तेव्हा मी किती नाचले होते, तू पाहिलंस. खोलीच्या खाली पोहण्याचा तलाव, तलावाच्या कडेने आरामखुर्च्या, त्यांच्यामागे कमरेएवढी भिंत. भिंतीत एक लाकडी फाटक आहे आणि फाटकापलीकडे पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. सकाळी उठले की मी आधी खिडकीतून ते फाटक बघते. त्याला नुसती कडी आहे.

आरामखुर्च्यांचं इथे एक मोठं शास्त्र आहे. उजाडलं की लोक चपला अडकवून डोळे चोळत खाली येतात, खुर्चीवर टॉवेल टाकतात आणि वर जाऊन पुन्हा झोपतात. टॉवेल पडला की खुर्ची त्याची, मग तो न्याहारीला तास लावो नाहीतर बाजारहाट करून येवो. दुसऱ्याचा टॉवेल कोणी हलवत नाही. हलवलाच तर भांडत नाहीत, नुसते बघतात, आणि त्या बघण्याने माणूस अर्धा होतो. मी पहिल्याच सकाळी दोन खुर्च्या बळकावल्या. शाळेत डब्याच्या ओळीत मैत्रिणीसाठी जागा धरणाऱ्या मुलींना तू बाकावर उभं करायचीस. आता बहिणीला कुठे उभं करतेस बघू.

पण ताई, हे मी हौसेने करत नाही. ह्यांचं विसरणं वाढलंय. चहाच्या खिडकीपर्यंत एकटे जातात, तेवढं त्यांना आवडतं, पण परत येताना सगळ्या खुर्च्या सारख्या आणि सगळे टॉवेल पांढरे. म्हणून मी घरचा हळदी रंगाचा टॉवेल आणलाय. तो दिसला की सरळ चालत येतात, शेजारी बसतात आणि मला माझ्या नावाने हाक मारतात. घरीही मी स्वयंपाकघरात असले की ओळखतात आणि जिन्यात भेटले की एक क्षण थबकतात, हे तुला सांगितलं होतं. मी माझ्या जागेवर असले तरच मी त्यांची बायको असते, असं काहीतरी झालंय. तो टॉवेल हलला तर मी त्यांना सापडणार नाही, ही एकच भीती घेऊन मी दिवसभर बसलेली असते.

कोणाजवळ बोलू नकोस. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय. छापखान्यात नोकरी सोडताना गुडघ्यांचं कारण सांगितलंय, तेच चालू दे. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घाल, पण तुझ्या हाताने नको, तू बुडवतेस. शेजारणीला सांग.

कळावे. आहे त्या मायेत काटकसर करू नकोस.
तुझी,
छोटी

*

ता. ६

चि. सौ. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात.

कुंड्यांना मीच पाणी घातलं आणि त्या जिवंत आहेत. तुझ्या घरात धूळ फार साठते. मी कपाटावरूनही फडकं मारून घेतलं, आता येऊन कुरकुर करू नकोस.

जागा धरण्याबद्दल मुख्याध्यापिका म्हणून माझं मत तुला ठाऊक आहे. बहीण म्हणून सांगते, दोन्ही खुर्च्या घट्ट धरून ठेव. कोणी बघितलं तर बघू दे. लाज वाटली तर माझं नाव घे आणि मान ताठ ठेव. चार लोकांचे पाय उन्हात भाजले तरी चालतील, भाऊजी परत आले पाहिजेत.

आणि हो, कोणाला सांगायच्या फंदात पडू नकोस. एकदा कळलं की लोक मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागतात, माणूस समोर असताना बायकोला विचारतात की ह्यांना साखर चालते का. मी ते रोज सोसते, आणि माझे तर फक्त कान गेलेत. त्यांनी आयुष्यभर प्रुफं तपासून दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. स्वतः चूक म्हणून बघितलं जाणं त्यांना सोसणार नाही. दिलेला शब्द पाळ.

फाटकाची कडी घट्ट आहे का ते मात्र बघ.

तब्येत सांभाळ. माझी आठवण काढतेस तशीच काढत राहा.
तुझी,
ताई

*

ता. ९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कडी घट्ट नाही. बोटाने उचलली जाते.

हे कसं कळलं ते सांगते. काल वाऱ्याने टॉवेल खुर्चीवरून घसरून मागे पडला. मी वाचत होते, माझं लक्ष नव्हतं. हे चहाचा पेला घेऊन परत आले आणि ओळीने एकेका खुर्चीपाशी थांबायला लागले. लोक हसून मान हलवत होते, हेही मान हलवत होते. कोणाला वाटावं, पाहुणे मजेत ओळखी करून घेताहेत. माझ्यासमोर आले, मला पाहूनही मान हलवली आणि पुढे गेले. मला वाटलं थट्टा करताहेत. मी पुस्तकातून पुन्हा मान वर करेपर्यंत पेला भिंतीवर ठेवून त्यांनी कडी उचलली होती. मी अनवाणी धावले. हात धरला तेव्हा म्हणाले की अगं, तुलाच शोधत होतो, खाली गेलीस असं वाटलं. मग आम्ही दोघं हसलो.

तलावावर एक देखरेख करणारा आहे, त्याला सगळे शिट्टीवाला म्हणतात. त्याने विचारलं की साहेबांना समुद्र आवडतो का. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ह्यांच्याकडे बघून कोणाला संशय येत नाही. जेवणघरातल्या पाटीवरच्या तीन चुका त्यांनी व्यवस्थापकाला दाखवल्या, तेव्हापासून तो त्यांना गुरुजी म्हणतो. अक्षरं सगळी जागच्या जागी आहेत ग. बाकीचंच सुटत चाललंय.

आता खुर्च्यांचं. इथे एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, दोन लहान मुलं बरोबर. त्यांना सावलीतली खुर्ची मिळत नाही. परवा अगदी गोड आवाजात त्यांनी विचारलं की ही पिवळ्या टॉवेलाची खुर्ची कोणाची आहे, न्याहारीपासून रिकामीच दिसते. त्यांचं चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही विचारलं असतं. मी सांगितलं की मिस्टर येतातच आहेत, आणि त्या आपल्या धाकटीला मांडीवर घेऊन फरशीवर बसल्या. तेव्हापासून आम्ही पिवळ्या टॉवेलवाले झालो. जेवणघरात आम्ही गेलो की बोलणी थांबतात. हे सगळ्यांना नमस्कार करतात, लोकही करतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि मान ताठ ठेवली.

कळावे. रागावलीस तरी चालेल, दूर धरू नकोस.
तुझी,
छोटी

*

ता. ११

चि. सौ. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता आलं आणि उभ्या उभ्याच उत्तर लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर सोडून दे.

माझा मागचा सल्ला फाडून टाक. मी घरात बसून शहाणपण शिकवलं, समुद्र तुझ्यासमोर आहे. आजच व्यवस्थापकाला सगळं सांग, शिट्टीवाल्याला सांग आणि त्या डॉक्टरीणबाईंना तर आधी सांग. दोन मुलांची आई आहे, तिला हरवण्याची भीती समजावून द्यावी लागणार नाही. शब्द मोडल्याचं पाप माझ्यावर घाल. फाटकाला कुलूप लावून घे.

टॉवेलावर विसंबू नकोस ग. टॉवेल कोणीही उचलू शकतं.

सांगितलंस की दोन ओळी लिही. त्याशिवाय मला झोप लागणार नाही. माझे हात तुझ्या डोक्यावर आहेत असं समज.
तुझी,
ताई

*

ता. १२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही. हे घाईत लिहिते, गाडी निघायची आहे.

आज सकाळी तलावाशी नवी पाटी लागली. उद्यापासून खुर्ची रिकामी दिसली की तिच्यावरचा टॉवेल उचलून स्वागतकक्षात ठेवतील. सगळ्यांना सारखा नियम, कोणालाही सूट नाही. पाटीसमोर उभं राहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनीही वाजवल्या. पाटी वाचून मला म्हणाले की मजकूर निर्दोष आहे, एकही चूक नाही.

सांगून टाकावं असं फार मनात आलं. व्यवस्थापकाच्या दारापर्यंत गेले आणि आत हे त्याच्याशी हसत बोलत बसलेले दिसले, ताठ, स्वच्छ दाढी केलेले, पूर्वीसारखे. त्यांच्यासमोर कसं सांगू. परत आले.

उद्या मी खुर्ची सोडणारच नाही. टॉवेल त्यांच्या खुर्चीच्या हाताला गाठ मारून बांधते. उन्हाने कालपासून डोकं धरलंय आणि अंगात कसकस आहे, पण बसायचंच तर आहे.

कळावे. तुझ्या पत्राची वाट बघते, तशी तूही माझी बघ.
तुझी,
छोटी

*

ता. १५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अकरा तारखेचं पत्र आज हातात पडलं. सगळ्यांना सांगून झालं आहे. फाटकाला कुलूपही लागलं आहे. हे सगळं परवाच झालं, पण उशिरा.

तेरा तारखेला सकाळपासून मी बसून होते. हे चहाला गेले. ऊन चढलं तसं माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. गोळी घेऊन लगेच येऊ म्हणून वर गेले आणि पलंगावर टेकले तेवढ्यात गुंगी आली. किती वेळ ते कळलं नाही. खाली आले तेव्हा आमच्या दोन्ही खुर्च्यांवर डॉक्टरीणबाईंची मुलं बसली होती. गाठ त्यांनीच सोडवली होती. टॉवेल नीट घडी करून शिट्टीवाल्याकडे दिला होता. त्यांनी मला पाहून आपणहून सांगितलं की बराच वेळ कोणीच नव्हतं म्हणून. आवाजात राग नव्हता.

हे नव्हते. फाटक उघडं होतं.

मी पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. शेवटच्या दोन पायऱ्यांवर पाणी येत होतं. एक चप्पल पडली होती, ती ह्यांची नव्हती. मी हाका मारल्या. नवऱ्याला नावाने हाक मारायची मला सवय नाही, पण त्या दिवशी नाव घेऊन ओरडले आणि समुद्राच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. वरून शिट्टी वाजली. शिट्टीवाला भिंतीवर चढून तलावाच्या पलीकडे बोट दाखवत होता.

तिकडे झाडाखाली हे बसले होते, नुसत्या बनियनवर. सदरा काढून शेजारच्या खुर्चीवर पसरला होता, बाह्या दोन्हीकडे नीट सारख्या केल्या होत्या. मी रडत धावत गेले आणि त्या खुर्चीत बसायला लागले. त्यांनी सदऱ्यावर हात ठेवला. छापखान्यात आलेल्या लोकांशी बोलायचे त्या अदबीने म्हणाले की माफ करा बाई, ही जागा धरलेली आहे, माझी बायको येणार आहे.

मी माझं नाव सांगितलं. ते खूश झाले आणि विचारलं की तुम्ही ओळखता तिला? मी धावत जाऊन पिवळा टॉवेल आणून दाखवला. त्यांनी हातात घेऊन पाहिला, चांगला आहे म्हणाले, आणि ज्याचा असेल त्याला परत द्यायला सांगितलं, कोणीतरी शोधत असेल म्हणून.

ताई, तेव्हापासून त्यांनी मला ओळखलेलं नाही. खोलीत परक्या बाईबरोबर राहणं त्यांना बरं दिसत नाही, म्हणून मी बाल्कनीत खुर्ची टाकून झोपते. डॉक्टरीणबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. त्या येताजाता ह्यांच्याजवळ बसतात, त्यांची मुलं ह्यांना चित्रांची पुस्तकं वाचायला देतात. सगळे आता आपणहून उठून मला जागा देतात. फक्त हेच देत नाहीत. तू निघून ये. येताना कोणती गाडी ते विचारत बसू नकोस, मिळेल ती धर.

आज सकाळी ते झाडाखाली बसले होते. बरं दिसेल इतक्या अंतरावर मी जमिनीवर बसले होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं की तुम्ही थोडा वेळ ह्या खुर्च्या सांभाळाल का, तिला फार उशीर झाला, मी जरा समुद्राकडे बघून येतो. मी सांगितलं की बाईंनी माझ्याजवळ निरोप दिलाय, येतेच आहे, जागा सोडू नका. ते लगेच खाली बसले. तिने कोणते कपडे घातलेत म्हणून विचारलं. मी माझ्या अंगावर बघून सांगितलं. मग सदऱ्याची सुरकुती हाताने साफ करत त्यांनी हळूच विचारलं की ती माझ्यावर रागावलेली तर नाही ना. मी म्हटलं, नाही.

कळावे. माया पत्रातून पाठवू नकोस, तूच घेऊन ये.
तुझी,
छोटी